पार्किन्सन्सच्या गोळीतले दुसरे औषध: एन्झाइम रोखून काय साधते?

पार्किन्सन्सचे, म्हणजे कंपवाताचे, निदान झाल्यावर बहुतेक रुग्णांना आज ना उद्या जी गोळी सुरू होते, तिच्यात एक नव्हे, दोन औषधे असतात. पहिले लेव्होडोपा. ते मेंदूत पोहोचल्यावर त्याचे डोपामाइन हे संदेशवाहक रसायन तयार होते आणि मंदावलेले, आखडलेले शरीर पुन्हा हालचाल करू लागते. दुसरे कार्बिडोपा. हे दुसरे औषध एकटेच घेतले तर हाताचा कंप कमी होत नाही, ताठरपणा जात नाही, चालही सुधारत नाही. तरीही त्याच्याशिवाय नुसते लेव्होडोपा देण्याची पद्धत आता जवळजवळ उरलेली नाही. कार्बिडोपाचे काम एका एन्झाइमला रोखून धरण्याचे आहे, आणि पार्किन्सन्सवरील उपचारांत अशी काम करणारी औषधे आणखीही आहेत. ती नेमकी कुठे आणि काय अडवतात हे घरातल्या माणसांना समजले, तर गोळी कधी द्यायची, कशाबरोबर द्यायची नाही आणि मेडिकलवरून कोणते औषध परस्पर आणायचे नाही, याची कारणे स्पष्ट होतात. हिंगोली किंवा धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यातून रुग्णाला मेंदूविकारतज्ज्ञाकडे नेणे म्हणजे नांदेड, लातूर, छत्रपती संभाजीनगर, प्रसंगी सोलापूर किंवा हैदराबाद गाठणे असते. दोन भेटींमध्ये कित्येक महिने जातात आणि त्या काळातले बरेचसे निर्णय घरातच घ्यावे लागतात, म्हणून हे समजून घेण्याला मी विशेष महत्त्व देतो.

एन्झाइम, ज्याला पाठ्यपुस्तकात विकर म्हणतात, हे शरीरातले असे प्रथिन असते की जे एका पदार्थाचे दुसऱ्या पदार्थात रूपांतर फार वेगाने घडवून आणते आणि स्वतः मात्र खर्ची पडत नाही. प्रत्येक एन्झाइमवर एक ठरावीक जागा असते आणि त्या जागेत ठरावीक आकाराचा रेणूच बसतो. औषधाचा रेणू त्या जागेत जाऊन बसला की मूळ पदार्थाला तिथे प्रवेश मिळत नाही आणि रूपांतर थांबते. काही औषधे तिथे थोडा वेळ बसून निघून जातात, तर काही कायमची चिकटतात. शरीराने नवे एन्झाइम तयार करेपर्यंत त्यांचा परिणाम टिकतो. हा फरक पुढे उपयोगी पडणार आहे.

या आजारात मेंदूच्या तळाशी असलेल्या, सबस्टॅन्शिया नायग्रा नावाच्या छोट्या भागातील डोपामाइन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू नष्ट होतात. हात थरथरतो, पाऊल उचलत नाही, अक्षर बारीक होत जाते असे घरच्यांच्या लक्षात येते, तोवर त्यातल्या सुमारे निम्म्या किंवा त्याहून अधिक पेशी गेलेल्या असतात. लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजाराचे वर्णन केले, परंतु मेंदूत कमी काय पडते हे कळायला १९६० साल उजाडावे लागले. त्या वर्षी व्हिएन्नामध्ये ओलेह हॉर्निकिविच आणि त्यांच्या सहकाऱ्याने मृत रुग्णांच्या मेंदूंची तपासणी करून डोपामाइनची कमतरता दाखवून दिली. मग डोपामाइनच का देत नाहीत, असा प्रश्न साहजिकच पडतो. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये जो संरक्षक पडदा असतो, तो डोपामाइनला आत येऊ देत नाही. डोपामाइनचा कच्चा माल असलेले लेव्होडोपा हे मात्र एक अमिनो आम्ल आहे आणि अमिनो आम्लांना आत नेणाऱ्या वाहक प्रथिनांच्या आधाराने ते तो पडदा ओलांडते.

अडचण अशी की लेव्होडोपाचे डोपामाइन करणारे डीकार्बोक्सिलेज हे एन्झाइम केवळ मेंदूत नाही. ते आतड्यात आहे, यकृतात आहे, मूत्रपिंडात आहे. त्यामुळे नुसते लेव्होडोपा तोंडाने घेतले, तर त्यातला बहुतेक भाग वाटेतच डोपामाइन होऊन जातो आणि मेंदूपर्यंत शंभरातले जेमतेम एक ते तीन भाग पोहोचतात. जायकवाडीच्या कालव्याला पाणी सोडले तरी ते वाटेत झिरपून, फुटून जाते आणि टेलच्या शेतकऱ्याला पाळी मिळेल याची खात्री नसते, तसाच हा प्रकार आहे. जॉर्ज कोत्झियास यांनी अमेरिकेत १९६७ साली तोंडाने मोठ्या मात्रा देऊन रुग्णांमध्ये लक्षणीय सुधारणा दाखवली, तेव्हा त्या मात्रा दिवसाला काही ग्रॅम, कधी १६ ग्रॅमपर्यंत गेल्या होत्या. आज अनेक रुग्णांचे दिवसाला ३०० ते ६०० मिलिग्रॅममध्ये भागते, यावरून वाटेत किती वाया जात होते याची कल्पना येईल. शिवाय वाटेत तयार झालेले डोपामाइन गप्प बसत नाही. त्याने मळमळ होते, उलट्या होतात, रक्तदाब खाली जातो, हृदयाचे ठोके बिघडतात.

कार्बिडोपा डीकार्बोक्सिलेजला रोखते, आणि त्याचे खरे मोल असे की ते स्वतः मेंदूच्या पडद्यापलीकडे जात नाही. मेंदूबाहेरचे रूपांतर त्यामुळे थांबते आणि मेंदूतले चालू राहते. ते पडदा ओलांडणारे असते, तर नेमक्या हव्या त्या ठिकाणीच डोपामाइन तयार झाले नसते. बेन्सेराझाइड हे दुसरे औषधही असेच काम करते. लेव्होडोपा आणि कार्बिडोपा यांची एकत्र गोळी अमेरिकेत १९७५ साली आली आणि लेव्होडोपाची गरज सुमारे तीन चतुर्थांशाने कमी झाली.

इथे एक हिशेब प्रत्येक कुटुंबाने करून पाहावा असे मला मनापासून वाटते. आपल्याकडे सहज मिळणाऱ्या सिंडोपा या नावाच्या गोळ्यांवर ११०, १२५, २७५ असे आकडे असतात. हे आकडे दोन्ही औषधांची बेरीज आहेत. ११० म्हणजे १०० मिलिग्रॅम लेव्होडोपा आणि १० मिलिग्रॅम कार्बिडोपा. १२५ म्हणजे तेच १०० लेव्होडोपा, पण कार्बिडोपा २५. आणि २७५ म्हणजे २५० लेव्होडोपा व २५ कार्बिडोपा. मेंदूबाहेरचे डीकार्बोक्सिलेज पुरेसे रोखण्यासाठी दिवसाला साधारणपणे ७० ते १०० मिलिग्रॅम कार्बिडोपा लागते. दिवसातून तीनदा ११० ची गोळी घेणाऱ्याला ३० मिलिग्रॅमच मिळते, तर तीनदा १२५ घेणाऱ्याला ७५. दोघांच्या पोटात लेव्होडोपा सारखेच जाते, तरी पहिल्याला मळमळ होण्याची आणि औषध कमी लागू पडण्याची शक्यता अधिक असते. म्हणून दुकानात एक आकडा शिल्लक नसेल तर दुसरा आकडा घेऊन येणे, किंवा २७५ ची अर्धी करून १२५ च्या जागी देणे, हे बरोबरीचे होत नाही. गोळी घेतल्यावर रोज मळमळत असेल, तर ती स्वतःहून बंद करण्याऐवजी कार्बिडोपाचे प्रमाण पुरेसे आहे का, असे डॉक्टरांना नेमके विचारावे.

मळमळीवरून आणखी एक गोष्ट सांगणे भाग आहे. गावातल्या दवाखान्यात उलटीसाठी मेटोक्लोप्रामाइडचे इंजेक्शन सर्रास दिले जाते. ते मेंदूत शिरून डोपामाइनची जागा अडवते, त्यामुळे पार्किन्सन्सच्या रुग्णाचे शरीर त्यानंतर अधिकच जखडू शकते. उलटी थांबवणे आवश्यकच असेल, तर डॉक्टर बहुधा डोम्पेरिडोनचा विचार करतात, कारण ते मेंदूत फारसे शिरत नाही. मात्र हृदयाचा त्रास असणाऱ्यांना तेही जपून द्यावे लागते. इंजेक्शन घेण्यापूर्वी 'यांना पार्किन्सन्स आहे' एवढे वाक्य बोलले, तरी पुष्कळ त्रास टळतो.

खाजकुयलीच्या बियांबद्दल, म्हणजेच कवचबीजांबद्दलही याच ठिकाणी बोलावे लागेल, कारण मराठवाड्याच्या बांधावर आणि कुंपणावर वाढणारा हा वेल कंपवातावर उपयोगी असल्याचे आयुर्वेदात सांगितले आहे आणि ते निराधार नाही. दामोदरन आणि रामस्वामी या भारतीय संशोधकांनी १९३७ साली या बियांमधून लेव्होडोपा वेगळे काढले होते, म्हणजे पार्किन्सन्ससाठी त्याचा वापर सुरू होण्याच्या कितीतरी आधी. पण बियांच्या चूर्णात कार्बिडोपा नसते. त्यातले लेव्होडोपा वाटेतच मोठ्या प्रमाणात डोपामाइन बनते, आणि बी-६ जीवनसत्त्वाच्या गोळ्या सोबत चालू असतील तर आणखीच, कारण डीकार्बोक्सिलेजला कामासाठी हेच जीवनसत्त्व लागते. उलट कार्बिडोपा असलेल्या गोळीसोबत हे चूर्ण घेतले, तर किती लेव्होडोपा पोटात गेले याचा हिशेबच राहत नाही आणि शरीर आपोआप वेडेवाकडे हलू लागू शकते. चूर्ण घेत असाल तर ते डॉक्टरांपासून लपवू नये. हे औषध आहे आणि औषध म्हणूनच त्याची नोंद व्हायला हवी.

जेवणाचा प्रश्न एन्झाइमचा नाही, पण त्याच वाटेवरचा आहे. वरण, उडदाचे घुटे, पिठले, शेंगदाण्याची चटणी, दूध, अंडी, मटण यांतली प्रथिने पचली की अमिनो आम्ले तयार होतात आणि लेव्होडोपाला मेंदूत नेणाऱ्या त्याच वाहकांवर तीही हक्क सांगतात. म्हणून गोळी जेवणापूर्वी अर्धा तास किंवा जेवणानंतर किमान एक तासाने द्यावी. प्रथिने तोडू मात्र नयेत, कारण या रुग्णांचे वजन आधीच घटत असते. ज्यांना दुपारच्या जेवणानंतर गोळी लागू पडत नाही, त्यांनी घुटे आणि पिठले रात्रीच्या जेवणात घ्यावे. रक्तवाढीच्या लोहाच्या गोळीशी लेव्होडोपाचा संयोग होतो, त्यामुळे त्या दोन्हींत किमान दोन तासांचे अंतर असावे.

काही वर्षांनी बहुतेक रुग्णांना गोळीचा असर पुढच्या गोळीपर्यंत पुरत नाही असा अनुभव येऊ लागतो. सकाळी आठला गोळी घेतलेला माणूस साडेदहापर्यंत अंगणात फिरतो आणि अकराला खाटेवरून उठू शकत नाही. याचे कारण असे की कार्बिडोपासोबत दिलेले लेव्होडोपाही रक्तात दीडेक तासात निम्मे होते, आणि ते साठवून ठेवणाऱ्या मेंदूतल्या पेशी आता कमी उरलेल्या असतात. शिवाय डीकार्बोक्सिलेजची वाट बंद झाल्यावर शरीर लेव्होडोपाला दुसऱ्या वाटेला लावते. ती वाट कॉम्ट नावाच्या एन्झाइमची. ते लेव्होडोपापासून ३-ओ-मिथाइलडोपा तयार करते, जे डोपामाइन म्हणून निरुपयोगी असून पुन्हा त्याच वाहकांसाठी स्पर्धाही करते.

कॉम्टला रोखणारी तीन औषधे आहेत. एन्टाकॅपोन २०० मिलिग्रॅम लेव्होडोपाच्या प्रत्येक मात्रेबरोबरच घ्यावे लागते, कारण त्याचा परिणाम लवकर ओसरतो. ते वेगळे, दुपारी केव्हातरी घेऊन काहीच उपयोग नाही. लघवी लालसर-तपकिरी होणे हा त्याचा निरुपद्रवी परिणाम आहे आणि हे आधी सांगितले नसेल, तर घरचे लोक लघवीतून रक्त जाते म्हणून घाबरून औषध बंद करतात. जुलाब मात्र काहींना सुरुवातीनंतर महिन्या-दोन महिन्यांनीही सुरू होतात, आणि तेव्हा त्यांचा संबंध या गोळीशी जोडला जात नाही. टोलकॅपोन अधिक प्रभावी आहे, परंतु यकृत निकामी होऊन काही रुग्ण दगावल्यामुळे १९९८ साली युरोपात ते मागे घेण्यात आले आणि पुढे यकृताच्या नियमित तपासणीच्या अटीवर परत आले. युरोपात २०१६ साली मान्यता मिळालेले ओपिकॅपोन कॉम्टला इतके घट्ट धरते की रात्री झोपताना एकदा घेतलेली ५० मिलिग्रॅमची मात्रा पुरते. यांपैकी कोणतेही औषध सुरू केल्यावर थोड्याच दिवसांत हातपाय किंवा मान आपोआप डुलू लागली, तर आजार वाढला असे समजू नये. मेंदूत आता जास्त लेव्होडोपा पोहोचते आहे आणि डॉक्टरांनी त्याची मात्रा कमी करण्याची वेळ आली आहे, असा त्याचा अर्थ होतो.

तिसरे एन्झाइम मेंदूच्या आत आहे. तयार झालेले आणि वापरले गेलेले डोपामाइन मोडून टाकण्याचे काम तिथे मोनोअमाइन ऑक्सिडेज-बी, म्हणजे माओ-बी, करते. सेलेजिलिन, रासाजिलिन आणि साफिनामाइड ही औषधे त्याला रोखतात आणि उपलब्ध डोपामाइन जास्त वेळ टिकते. पहिली दोन एन्झाइमला कायमची चिकटणारी आहेत. त्यामुळे रासाजिलिनची एखादी गोळी चुकली तर त्या दिवशी फरक जाणवत नाही, तर लेव्होडोपाची गोळी तासाभराने लांबली तरी जाणवतो. ऊसतोडीच्या हंगामात मुले-सुना कारखान्याच्या फडावर गेलेली असताना बीड-जालन्याच्या गावांत म्हातारी माणसे आपली औषधे आपणच घेतात; अशा घरात कोणत्या गोळीची वेळ काटेकोर आणि कोणती थोडी मागेपुढे चालते, हे ठळक लिहून ठेवलेले असावे. सेलेजिलिन सकाळी आणि दुपारी घेतात, संध्याकाळी नाही, कारण शरीरात त्याचे जे पदार्थ बनतात ते झोप उडवतात.

कायम चिकटण्याची दुसरी बाजूही आहे. औषध बंद केल्यावरही सुमारे दोन आठवडे त्याचा परिणाम गृहीत धरावा लागतो. माओ एन्झाइमे सेरोटोनिन हे मेंदूतले दुसरे संदेशवाहक रसायनही मोडतात, आणि सेरोटोनिन वाढवणारी औषधे सोबत गेली, तर ताप, घाम, थरथर, बेचैनी आणि बेशुद्धीपर्यंत मजल जाऊ शकते. कोरड्या खोकल्याच्या अनेक सिरपांत डेक्स्ट्रोमेथॉर्फॅन असते, कंबरदुखी-गुडघेदुखीच्या काही गोळ्यांत ट्रॅमाडॉल असते, आणि या दोन्ही गोष्टी चिठ्ठीशिवाय मागण्याची सवय आपल्याकडे आहे. माओ-बी रोखणाऱ्या औषधांसोबत ती टाळायची असतात. शस्त्रक्रियेच्या वेळी पेथिडीन हे वेदनाशामक चालत नाही, हे भूलतज्ज्ञांना सांगावे. नैराश्याच्या गोळ्याही डॉक्टरांच्या नजरेखालीच घ्याव्यात. जुन्या, माओ-ए आणि माओ-बी दोन्ही रोखणाऱ्या औषधांवर असताना मुरवलेले चीज खाल्ल्याने रक्तदाब एकदम चढत असे, म्हणून या गटाला बदनामी मिळाली. नेमून दिलेल्या मात्रेत माओ-बी पुरती मर्यादित राहणाऱ्या औषधांना ते पथ्य सहसा लागत नाही आणि ताज्या पनीरचा तर प्रश्नच नाही. मात्रा स्वतःहून वाढवली, तर मात्र ही मर्यादा सुटते.

माओ-बी भोवती एक मोठी आशा निर्माण झाली होती. १९८२ साली कॅलिफोर्नियात अशुद्ध बनावट अमली पदार्थ टोचून घेतलेले काही तरुण अचानक पुतळ्यासारखे थिजले. डॉक्टर विल्यम लँगस्टन यांनी त्यामागचे विष शोधले. ते एमपीटीपी होते, आणि त्याला घातक रूप देणारे एन्झाइम माओ-बी निघाले. प्राण्यांना आधी सेलेजिलिन दिले तर हे विष बाधत नाही, असे दिसले. मग रुग्णांमध्येही या औषधाने पेशी वाचतील का, याची तपासणी झाली. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात सेलेजिलिन घेणाऱ्यांना लेव्होडोपाची गरज उशिरा लागली, पण औषध स्वतःच लक्षणे थोडी कमी करत असल्यामुळे पेशी वाचल्या असे सिद्ध झाले नाही. २००९ सालच्या रासाजिलिनच्या अभ्यासात १ मिलिग्रॅमचे निष्कर्ष आशादायक होते, २ मिलिग्रॅमचे तसे नव्हते. त्यामुळे आजवरच्या पुराव्यानुसार एन्झाइम रोखणारी ही औषधे लक्षणे हलकी करतात. आजार थांबवण्याचे आश्वासन कोणी देत असेल, तर त्यावर पैसे खर्च करू नयेत.

लक्षणे हलकी करणे ही छोटी गोष्ट नाही, आणि म्हणूनच ही औषधे एकाएकी तोडू नयेत. एकादशीचा उपवास असो वा रमजानचा रोजा, दिवसभर लेव्होडोपा बंद ठेवल्याने शरीर जखडते, आणि औषधे पूर्ण थांबली तर कधीकधी तीव्र ताप येऊन स्नायू इतके आखडतात की रुग्णाला अतिदक्षता विभागात हलवावे लागते. श्रद्धेचा मान राखून वेळा कशा बसवायच्या, हे आधीच डॉक्टरांशी बोलून ठरवता येते.

शेवटचे एन्झाइम डोपामाइनशी संबंधित नाही, पण कपाशी-तुरीवर फवारणी करणाऱ्या मराठवाड्याला ते फार जवळून ठाऊक आहे. मोनोक्रोटोफॉससारखी कीटकनाशके ॲसिटिलकोलिन हे संदेशवाहक रसायन मोडणाऱ्या ॲसिटिलकोलिनएस्टरेज या एन्झाइमला जखडतात, आणि विषबाधा झालेल्या शेतकऱ्याच्या तोंडाला लाळ सुटणे, उलट्या, बाहुल्या बारीक होणे, श्वास कोंडणे हे सारे त्यातूनच होते. पार्किन्सन्सच्या पुढच्या टप्प्यात स्मृती आणि आकलन खालावते तेव्हा दिले जाणारे रिव्हास्टिग्माइन याच एन्झाइमला रोखते. फरक मात्रेचा आणि काळाचा आहे, कारण औषधाची पकड काही तासांत सुटते आणि त्याने वाढलेले ॲसिटिलकोलिन विचारशक्तीला थोडा आधार देते. मळमळ, लाळ, मंद नाडी आणि कधी कंप वाढणे हे त्याचे त्रास आहेत. कंपासाठी वर्षानुवर्षे चालू असलेली ट्रायहेक्सिफेनिडिलची, म्हणजे पॅसिटेनची गोळी नेमके उलटे काम करते आणि वृद्धांमध्ये गोंधळ व भ्रम वाढवते, तेव्हा ही दोन्ही औषधे एकाच चिठ्ठीवर दिसली तर डॉक्टरांना आवर्जून विचारावे. रिव्हास्टिग्माइन त्वचेवर चिकटवायच्या पट्टीतूनही मिळते. रोज नवी पट्टी लावण्याआधी पाठीवरची किंवा दंडावरची जुनी पट्टी काढली आहे की नाही, हे दुसऱ्या माणसाने प्रत्यक्ष पाहावे, कारण दोन-तीन पट्ट्या एकाच वेळी अंगावर राहिल्या तर फवारणीच्या विषबाधेसारखीच लक्षणे दिसू शकतात आणि रुग्णाला तातडीने दवाखान्यात न्यावे लागते.